एक देश होता

गोडबोल्यांनी कार्यकारिणीला पाठवलेल्या शोकसंदेशाच्या मसुद्यात एक वाक्य आहे : ‘अखेरच्या वर्षांत स्मरणशक्तीने त्यांची साथ सोडली, तरी मंडळावरचं त्यांचं प्रेम आटलं नाही.’ मसुद्याखाली नेहमीची ओळ आहे. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत कुणाची हरकत आली नाही, तर मसुदा मान्य झाला असं समजून तो सगळ्या सभासदांना जाईल.

खालची ओळ चिटणीसकाकांनीच आम्हाला शिकवलेली. वरचं वाक्य खोटं आहे. ते का खोटं आहे, हे काका गेल्यानंतर फक्त मला माहीत आहे. मी मुळात कमी बोलणारा. लोक त्याला स्वभाव म्हणतात, मीही बरीच वर्षं तेच म्हणत आलो. रविवारला अजून अवकाश आहे. तोवर काका कसे होते ते लिहितो, म्हणजे हरकत कशाला हे आपोआप कळेल.

अ‍ॅशबर्नमध्ये, इथे अमेरिकेत, आम्ही मराठी मंडळातले सगळे एका साच्यातले. कुणी डेटा सेंटरमध्ये, कुणी सिक्युरिटीत, कुणी सरकारी कामं घेणाऱ्या कंपनीत. ‘काय करता?’ विचारलं की दोन शब्दांत विषय संपतो. मोरेश्वर चिटणीसांना तोच प्रश्न विचारला की संध्याकाळ जायची. ते तरुणपणी शिकायला अमेरिकेत आले, इथले नागरिक झाले आणि मग नोकरीची बहुतेक वर्षं युरोपात काढली. बातम्यांत जिचं नाव रोज येतं, त्या लष्करी आघाडीच्या मुख्यालयात ते बैठकांची इतिवृत्तं लिहायचे. पुढे आघाडीच्या प्रमुखाच्या खास कार्यालयात गेले आणि एकामागून एक आलेल्या प्रमुखांच्या शेजारी बसून म्हातारे झाले. निवृत्त झाल्यावर मुलगी केतकी व्हर्जिनियात होती म्हणून इथे टाउनहाउस घेतलं. केतकी नवऱ्याच्या नोकरीपायी टेक्सासला, डॅलसजवळच्या फ्रिस्कोत गेली, पण काका आणि शालिनीकाकू इथेच राहिले. काकू गेल्या, तरी काका राहिले.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला. सगळे टी-शर्टात आणि हे टाय लावून. आमटी वाढून घेतल्यावर त्यांनी टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांमधून आत सरकवलं आणि शांतपणे जेवायला लागले. घड्याळ उलटं, म्हणजे तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, समोरचा देश बोलत असताना वेळ बघायची, पण त्याला कळू द्यायचं नाही, त्यासाठी ही सोय.

त्याच दिवशी नागपूरच्या घाट्यानं त्यांना छेडलं. घाटे तोंडानं फटकळ, मनानं मोकळा.

“म्हणजे काका, तुमचे साहेब त्या सगळ्या फौजांचे बॉस ना?”

“त्यांच्या हाताखाली एक शिपाई नव्हता,” काका म्हणाले. “गणवेशातला सेनापती वेगळा. आमचे साहेब कोटातले. बैठकीत मधली खुर्ची त्यांची, पण मत नाही. मत कुणालाच नाही, तिथे मतदानच होत नाही. सगळे हो म्हणेपर्यंत बसायचं.”

“मग ते करायचे काय?”

“फोन.”

घाटे हसत सुटला. काका हसले नाहीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोन, म्हणाले. एका राजधानीला समजवायचं, दुसरीची नाराजी ऐकून घ्यायची, तिसरीनं मनात नसताना दिलेला होकार बाहेर मनापासून दिल्यासारखा सांगायचा. “आपल्याकडे म्हणतात, राजा बोले दळ हाले. तिथे दळ बोलायचं आणि राजा हालायचा.” मग त्यांचा आवडता विनोद. सेक्रेटरी जनरल म्हणजे आपल्या भाषेत सरचिटणीस. “आडनाव चिटणीस आणि नोकरी सरचिटणिसाकडे. आजोबा असते तर म्हणाले असते, मग घराण्यात नवीन काय केलंस, मोरू?”

तेव्हापासून आम्ही त्यांना पाठीमागे सरचिटणीस म्हणायला लागलो. त्यांना ते माहीत होतं.

मंडळ फुटायची वेळ आली तेव्हा ते अध्यक्ष झाले. भांडण ढोल-ताशाचं होतं. घाट्याला गणपतीत पथक हवं होतं. पुण्याच्या गोडबोल्यांचं म्हणणं, शाळेच्या हॉलमध्ये ढोल वाजले तर पुढच्या वर्षी हॉल मिळणार नाही. बाकी वीसेक गोष्टींवरचा राग त्या ढोलात शिरला होता. दोघांनाही दुसरा अध्यक्ष नको होता, म्हणून काका. ते म्हणाले, हे मला नवीन नाही, आमचे साहेबही असेच निवडले जायचे, सगळ्यांच्या दुसऱ्या पसंतीनं.

पहिल्याच बैठकीत त्यांनी आम्हाला मुळाक्षरांच्या क्रमानं बसवलं. आघाडीत म्हणे देश असेच बसतात. ग नंतर घ, त्यामुळे गोडबोले आणि घाटे शेजारी शेजारी आले. गोडबोले कुरकुरले. काका म्हणाले, “समोरासमोर बसून भांडायला सोपं जातं. शेजारी बसून भांडा, मान दुखायला लागेल.” खरंच, अर्ध्या तासात दोघं मान चोळत होते.

मी लेले, म्हणून टेबलाच्या पार त्या टोकाला. तिथे बोलावं लागत नाही.

त्या बैठकीत ढोलाचा निर्णय झाला नाही. आठवडाभर काकांनी एकेकाला फिरायला नेलं. जुना रेल्वेमार्ग उखडून केलेली एक लांब पायवाट अ‍ॅशबर्नमधून जाते. ती त्यांची कचेरी. आठवड्यानंतर मसुदा आला : ‘मिरवणुकीत ढोल-ताशाचं वादन यथोचित प्रमाणात होईल.’ गोडबोल्यांनी यथोचित म्हणजे थोडकं असं वाचलं. घाट्यानं यथोचित म्हणजे गणपतीला शोभेल इतकं असं वाचलं. दोघांनी मला वेगवेगळे फोन करून सांगितलं की काकांनी आपलं ऐकलं. मी दोघांनाही ‘हो ना’ म्हणालो. काकांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून खूश झाले. ऐकून घेणारा माणूस त्यांना मौल्यवान वाटायचा. त्यांची ती समजूत मी दूर केली नाही.

आणि मसुद्याखालची ओळ. ही पद्धत त्यांच्या आघाडीतलीच. मसुदा फिरवायचा, वेळ ठरवून द्यायची, तोवर कुणी बोललं नाही तर मान्य. काका तिला ‘मौनाची मुदत’ म्हणायचे. ज्याला मान्य नाही त्यानं वेळ संपायच्या आत लिहायचं, म्हणजे मौन मोडायचं. “मौनं संमतिलक्षणम् हे आपल्याकडे लग्नापुरतं ठेवलं, त्यांनी त्यावर फौजा चालवल्या,” असं ते म्हणत. बैठकीत एखादा मुद्दा तोंडी ठरवायचा असला की काका चष्मा काढून टेबलावर ठेवत, मनगट उताणं करून उघडपणे घड्याळ बघत आणि गप्प बसत. बराच वेळ. अवघडून जावं इतका वेळ. मग “मौन संपलं” म्हणत आणि पुढचा विषय.

मलाही ते पायवाटेवर न्यायचे. मी बोलत नसे, तेही फार बोलत नसत, आणि ते दोघांनाही बरं वाटे. एकदा मात्र गोडबोले बरोबर होते. त्यांना बातम्यांचं वेड. काकांच्या काळात एका मोठ्या निर्णयाचा मसुदा अगदी शेवटच्या घटकेला अडला होता, ते त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. कुठल्या देशानं मौन मोडलं, ते विचारायला लागले.

“एक देश होता,” काका म्हणाले.

गोडबोले सोडेनात. आता एवढी वर्षं झाली, आता काय हरकत आहे, काका? काकांनी पुन्हा तेच सांगितलं. त्या दिवशी पत्रकार बाहेर ताटकळत होते, म्हणाले, आणि साहेब बाहेर जाऊन एवढंच बोलले की मसुद्यावर काम चालू आहे. दुसऱ्या दिवशी सगळीकडे साहेबांनाच दुबळं म्हटलं गेलं. त्यांनी ऐकून घेतलं. शालिनी महिनाभर चहा पुढे ठेवताना विचारायची, कोण रे तो देश? तिलाही नाही सांगितलं.

“पण का?” गोडबोल्यांनी विचारलं.

“दुसऱ्याचं मौन आपण मोडायचं नसतं. खुर्चीला सैन्य नाही, मत नाही. एवढी एक गोष्ट तिच्याजवळ असते, म्हणून लोक तिच्याशी खरं बोलतात.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “तो देश पुढे आपणहून बोलला. मग सगळं सोपं झालं.”

त्यांची आणखी एक रीत इथे सांगायला हवी. कामं ते पायवाटेवर वाटून द्यायचे, एकेकट्याला. इतिवृत्तात मात्र प्रत्येक कामापुढे ‘अध्यक्ष’ एवढंच लिहायचे. काम नीट पार पडलं की गणपतीच्या दिवशी स्टेजवरून त्या माणसाचं नाव घ्यायचे. बिघडलं तर नाव निघायचंच नाही. यश देशांचं, अपयश खुर्चीचं, हे साहेबांनी शिकवलं म्हणायचे.

काकांच्या अध्यक्षपदाच्या दुसऱ्या वर्षी हॉल पहिल्यांदा माझ्याकडे आला. काम काहीच नव्हतं. शाळेच्या वेबसाइटवर अर्ज भरून मुदतीत सबमिट करायचा. मी अर्ज भरला, सेव्ह केला आणि सबमिट केला नाही. ऑफिसात सर्व्हर हलवायचं, मायग्रेशनचं काम चालू होतं वगैरे कारणं आहेत. ती कुणाकडेही असतात.

काकांनी स्टेजवरच्या दिव्यांबद्दल विचारायला शाळेत फोन केला तेव्हा कळलं. त्यांनी मला फोन केला. “मंदार, हॉल दुसऱ्यांना गेला. आपला अर्जच आलेला नाही म्हणतात.” मी ‘बघतो’ म्हणालो. बघितलं. अर्जावर ‘ड्राफ्ट’ लिहिलेलं होतं. मी त्यांना परत फोन केला नाही.

शनिवारी गोडबोल्यांच्या बेसमेंटमध्ये तातडीची बैठक. मुळाक्षरांप्रमाणे बसलो. गोडबोले चिडलेले होते आणि त्यांचं बरोबर होतं. गेली दोन वर्षं ते ढोलामुळे हॉल जाईल म्हणत होते, आणि हॉल गेला तो ढोलाचा काही संबंध नसताना.

“हॉल कोण बघत होतं?” त्यांनी विचारलं.

“हॉल अध्यक्षांकडे होता,” काका म्हणाले. “अर्ज गेला नाही.”

मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मनगट उताणं केलं. “कुणाला यावर काही सांगायचंय? थोडा वेळ घेऊ.”

ते माझ्याकडे बघत नव्हते. हे मी शपथेवर सांगतो, कारण नंतर कितीदा तरी वाटलं की त्यांनी नुसतं बघितलं असतं तरी मी बोललो असतो. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. वर स्वयंपाकघरात मिक्सर चालू झाला, थांबला. वहिनींनी खाली वडे पाठवले होते. मी माझ्या वड्यावरच्या चटणीकडे बघत बसलो.

“मौन संपलं,” काका म्हणाले. “घाटे, तुमचं गॅरेज किती मोठं आहे?”

गणपती घाट्याच्या गॅरेजमध्ये बसला. मुलं ड्राइव्हवेवर, म्हाताऱ्यांना घडीच्या खुर्च्या, पार्किंगवरून शेजाऱ्यांशी थोडं वाजलं. ढोल अर्थातच नाही. आरती छान झाली. पण प्रसाद वाटतानाच कुजबुज सुरू झाली होती. काकांसारखा काटेकोर माणूस अर्ज विसरतो म्हणजे काय? घाट्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, “काहून रे, तुला नाही वाटत काका हल्ली जरा हरवल्यासारखे वाटतात?” त्याला खरीच काळजी होती. मी म्हणालो, वय झालं. हे मी म्हणालो. नुसता गप्प बसलो असं सांगून सुटलो असतो, पण तेवढंही खरं नाही.

त्यानंतर सगळ्यांना सगळ्यात तेच दिसायला लागलं. काकांनी गोडबोल्यांच्या धाकट्याला थोरल्याच्या नावानं हाक मारली, त्याची बातमी झाली. माझी आई मला रोज माझ्या भावाच्या नावानं हाक मारते. मग एक मसुदा आला, गोडबोल्यांचाच, अतिशय सभ्य. काकांना ‘आजीव मार्गदर्शक’ करावं आणि रोजच्या कामातून त्यांना विश्रांती द्यावी. खाली ती ओळ, रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. मी उत्तर लिहिलं होतं. दोन वाक्यांचं. हॉल माझ्याकडे होता, अर्ज मी पाठवला नाही. तेही ड्राफ्टमध्येच राहिलं.

सहानंतर काकांची मेल आली. ‘मौन पाळलं गेलं. निर्णय मान्य. सर्वांचे आभार.’

इतकंच झालं असतं तर एका मंडळाच्या खुर्चीची गोष्ट म्हणून मी विसरलोही असतो. पण काळजीपोटी कुणीतरी केतकीला फोन केला. ती विमानानं आली, काकांना डॉक्टरांकडे घेऊन गेली, गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. मी सहज डोकावल्यासारखा त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा ती स्वयंपाकघरातून त्यांना सांगत होती, “बाबा, पीपल आर नोटिसिंग. एव्हरीबडी.” काका टेबलाशी बसून तिच्यासाठी पेरू चिरत होते. म्हणाले, “सगळे म्हणतायत म्हणजे एकमत झालं. आता काय बोलायचं?” आणि मला पेरूची फोड दिली. तिखट-मीठ लावून.

घर विकायला निघालं. पायवाट, पॉटलक, काकूंनी लावलेलं कढीपत्त्याचं झाड, जे थंडीत रोज आत-बाहेर करावं लागायचं, सगळं सोडून काकांनी फ्रिस्कोला जायचं ठरलं. झाड घाट्यानं नेलं.

त्यांना विमानतळावर मी सोडलं. सगळे तयार होते, पण काकांनी मला सांगितलं. आमचा विमानतळ डलस, आणि ते चालले होते डॅलसला. बॅगा गाडीत ठेवताना म्हणाले, “एका अर्धचंद्राचा प्रवास.” अ‍ॅशबर्नहून विमानतळ इतका जवळ आहे की धीर गोळा होईपर्यंत टर्मिनलची पाटी दिसते. मी दोनदा घसा साफ केला. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, “एसी जास्त आहे का रे?” मी एसी कमी केला.

नंतरची वर्षं फोन व्हायचे, दिवाळीला, त्यांच्या वाढदिवसाला. ते मला मंडळाचं विचारायचे. एकेकाच्या मुलांची नावं घेऊन, थोरला कुठल्या कॉलेजात, धाकटीचं नृत्य चालू आहे का. एकही नाव चुकलं नाही. मी प्रत्येक वेळी मोजल्यासारखा ऐकत असे, कुठेतरी चुकतील म्हणून. चुकले असते तर मला सोपं गेलं असतं.

इथपर्यंत लिहून झालं आणि मी केतकीला फोन केला. मंडळाला कळायच्या आधी तिला कळायला हवं होतं. मी सगळं मराठीत सांगितलं, ती ऐकत राहिली. डॉक्टरांचं विचारलं तेव्हा म्हणाली, त्यांना कधीच काही सापडलं नव्हतं. नॉर्मल फॉर हिज एज म्हणाले. पण तोवर घर मार्केटवर गेलं होतं, आणि तिलाही वाटलं की एकटे राहण्यापेक्षा बरं. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मी फोन कानाशी धरून बसलो. ते मौन मोडायचा अधिकार माझा नव्हता.

“आय आस्क्ड हिम वन्स,” ती म्हणाली. “त्या हॉलचं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही कधी काही विसरत नाही, मग हू फर्गॉट? तुम्हाला माहितीये ते काय म्हणाले?”

मला माहीत होतं.

“एक देश होता,” ती म्हणाली. “आय थॉट ही वॉज कन्फ्यूज्ड, मंदारदादा. डॉक्टरांना पण सांगितलं मी ते. की बाबा असं काहीतरी बोलतात.”

पुढे ती एवढंच म्हणाली की ते वाक्य काढा. माफीबद्दल ती काही बोलली नाही आणि मी मागितली नाही. ती माफी फोनवर मागण्याजोगी नव्हती.

तेव्हा गोडबोले, ही माझी हरकत. वेळेच्या आत आहे. ते वाक्य काढून टाकावं. हॉल माझ्याकडे होता. घाटे, तू विचारलंस तेव्हा मी वय झालं म्हणालो, तेही मागे घेतो. काकांना सगळं आठवत होतं. न बोलण्याइतकं नीट आठवत होतं.

मला ते शेवटचे दिसले ते टर्मिनलच्या दारात. टाय लावला होता. मी बॅगा उतरवून दिल्या, वाकून नमस्कार केला, त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि मी गाडीत येऊन बसलो. सरकती काचेची दारं उघडी होती आणि माणसं आत चालली होती. काका बाजूला उभे राहून सगळ्यांना ‘आधी तुम्ही’ करत होते, मुलांना, बॅगा ओढणाऱ्यांना, फोनवर बोलणाऱ्या एका बाईला. कुठेही सगळ्यात शेवटी आत जायची त्यांची सवय. दार रिकामं झालं तरी ते गेले नाहीत. वळून माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढला, मनगट उताणं केलं आणि घड्याळ बघितलं. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो.

‘मौन संपलं’ असं ते म्हणाले नाहीत. चष्मा परत डोळ्यांवर चढवला, मला निघायची खूण केली आणि मी निघेपर्यंत तिथेच उभे राहिले.